एकाच माणसाच्या चरबीचे तीन आकडे: नोंदवहीत कोणता लिहावा?

प्रश्न: तालुक्याची_आहारतज्ज्ञ

नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. गेल्या आठवड्यात माझ्याकडे ४१ वर्षांचे एक शिक्षक आले होते. त्यांची उंची १६८ सेंमी, वजन ६४.२ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २२.७ आणि उपाशीपोटीची साखर ११२, म्हणजे थोडी जास्त, आहे. दिसायला सडपातळ आहेत. पोट मात्र थोडे सुटलेले आहे. त्यांच्या घरच्या वजनकाट्यावर, ज्यावर अनवाणी उभे राहायचे असते त्यावर, शरीरातील चरबी २३.६ टक्के दिसते. व्यायामशाळेतल्या हातांत मुठी धरायच्या मोठ्या यंत्राने २७.९ टक्के दाखवली. मी स्वतः कॅलिपरने (घडीची जाडी मोजणाऱ्या चिमट्याने) दंडाच्या पुढची व मागची, पाठीवरची आणि कंबरेच्या हाडावरची अशा त्वचेच्या चार घड्या मोजल्या, त्यांची बेरीज ६६ मिमी आली आणि डर्निन-वोमर्स्ली यांच्या सूत्राने २८.४ टक्के हे उत्तर निघाले. तिन्ही कागद माझ्या टेबलावर ओळीने मांडून त्यांनी विचारले, "मॅडम, यातला खरा आकडा कोणता?" मला ठामपणे काही सांगता आले नाही. नोंदवहीत मी काय लिहावे, आणि बीएमआय २३ च्या आत, म्हणजे सामान्य, असताना या माणसाची काळजी करावी का, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर १: शरीरक्रियाशास्त्राचा_शिक्षक

ताई, या तिन्ही साधनांपैकी एकही चरबी प्रत्यक्ष मोजत नाही, हे त्या शिक्षकांना आधी सांगा. प्रत्येक साधन दुसरेच काहीतरी मोजते आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधते.

वजनकाट्यातून आणि व्यायामशाळेतल्या यंत्रातून शरीरात अतिशय क्षीण विद्युतप्रवाह सोडला जातो आणि त्याला किती अवरोध होतो एवढेच मोजले जाते. प्रवाह वाहतो तो पाण्यातून आणि क्षारांतून. त्यामुळे यंत्राला कळते ते शरीरातले पाणी. पुढे ते असे धरून चालते की चरबी वगळून उरलेल्या शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी असते. त्यावरून ते चरबीविरहित वजन काढते आणि एकूण वजनातून वजा करते. चरबी ही या हिशेबातली शिल्लक आहे, आणि आधीची प्रत्येक चूक त्या शिल्लकेत येऊन बसते. समजा, मोजणीच्या आधी कुणी अर्धा लिटर पाणी प्यायले. पोटातल्या त्या पाण्याने वजन लगेच वाढते, पण हातापायांचा अवरोध लगेच बदलत नाही. मग यंत्र ते पाणी चरबीच्या खात्यात टाकते आणि २८ टक्क्यांचे साधारण साडेअठ्ठावीस होतात. शिवाय घरच्या काट्यावर प्रवाह एका पायातून चढतो आणि दुसऱ्या पायाने उतरतो. पोट त्याच्या वाटेवर जवळजवळ येतच नाही. पोटाचा आकडा उत्पादकाने आत भरलेल्या सूत्रातून येतो. ज्या माणसाची चरबी पोटावर आहे, त्याला हा काटा कमी आकडा दाखवील यात नवल नाही.

आता तुमचा स्वतःचा आकडा. डर्निन आणि वोमर्स्ली यांनी १९७४ साली ग्लासगो येथील २०९ पुरुष आणि २७२ स्त्रियांचे पाण्याखाली वजन करून घनता काढली व ती त्वचेच्या घड्यांशी जोडली. त्यांची सूत्रे वयोगटांनुसार वेगळी आहेत. तुमचे ६६ मिमी ४० ते ४९ या गटात घातले तर २८.४ टक्के येतात हे बरोबर आहे, पण तेच ६६ मिमी ३० ते ३९ या गटाच्या सूत्रात घातले तर २४.५ येतात, आणि सर्व वयांसाठी त्यांनीच दिलेल्या एकत्रित सूत्रात २५.४. म्हणजे हे गृहस्थ दोन वर्षांपूर्वी याच घड्या घेऊन आले असते, तर चाळिसावा वाढदिवस उलटताच त्यांची चरबी कागदावर जवळपास चार टक्क्यांनी वाढली असती! घनतेवरून टक्केवारी काढताना आपण सिरीचे समीकरण वापरतो. त्यात चरबीची घनता ०.९ आणि बाकी शरीराची १.१ धरलेली असते. यातला १.१ हा आकडा मोजक्या मृतदेहांच्या पृथक्करणावर उभा आहे आणि हाडे विरळ झालेल्या वृद्धाला तो तंतोतंत लागू पडत नाही.

तेव्हा नोंदवहीत टक्केवारी लिहायचीच असेल तर शेजारी सूत्राचे नाव लिहा, पण चारही घड्यांचे मिलिमीटर सुटे सुटे लिहिल्याशिवाय राहू नका. उद्या भारतीयांसाठी अधिक चांगले सूत्र हाती आले, तर मिलिमीटरवरून नवा आकडा काढता येईल, नुसत्या २८.४ वरून काहीच काढता येणार नाही.

उत्तर २: वॉर्डातली_डायटिशियन

दुसऱ्या प्रश्नाला थोडक्यात उत्तर: होय, काळजी करावी. कंबरेचा घेर मोजला का? भारतीय पुरुषांसाठी ९० सेंमी आणि स्त्रियांसाठी ८० सेंमी ही मर्यादा आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकामध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण डेक्सा तपासणीत (क्ष-किरणांनी चरबी मोजण्याच्या तपासणीत) युडकिन यांची चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. तुमच्या शिक्षकांना हा प्रसंग सांगून पाहा. 'मी तर बारीकच आहे' हा मुद्दा पुन्हा निघणार नाही, असा माझा अनुभव आहे. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांमध्येही हेच पाहिले: इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सरासरी वजन ३.५ किलो, आपल्यांचे २.७, स्नायू आणि पोटातील अवयव लहान, पाठीवरची चरबीची घडी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही.

उत्तर ३: चिमट्यात_बावीस_वर्षे

सरांनी सूत्रांविषयी लिहिले. मी हाताविषयी लिहितो, कारण आकडे बिघडतात ते बहुतेक वेळा तिथेच.

दंडामागची घडी अंदाजाने धरू नये. खांद्याच्या हाडाचे टोक आणि कोपराचे टोक यांमधले अंतर टेपने मोजून मध्यावर पेनाने खूण करावी, खुणेच्या एक सेंटिमीटर वर अंगठा व तर्जनीने घडी उचलावी, ती किंचित ओढून खालचा स्नायू सुटला आहे याची खात्री करावी आणि मग कॅलिपरची टोके खुणेवर लावावीत. कॅलिपरचा दांडा पूर्ण सोडल्यावर दोन सेकंदांनी वाचन घ्यावे. त्याआधी काटा स्थिरावत नाही, आणि फार थांबले तर घडी दबून आकडा खाली सरकत राहतो. याच कारणाने एका जागी लागोपाठ तीनदा मोजू नये; चारही जागांची एक फेरी पूर्ण करून मग दुसरी फेरी घ्यावी. बोटांनी धरलेली घडी वाचन होईपर्यंत सोडायची नसते, हे नव्या मुलामुलींना दर वर्षी सांगावे लागते.

आपल्याकडची एक खास अडचण म्हणजे तेल. सकाळी अंगाला तेल लावून आलेल्या माणसाची पाठीवरची घडी बोटांतून निसटते आणि कमी भरते. माझ्या खोलीत त्यासाठी कोरडा पंचा कायम टांगलेला असतो. कॅलिपर प्लास्टिकचा असेल तर त्याच्या दाबाचा भरवसा धरू नका. चांगल्या कॅलिपरच्या टोकांचा दाब, कितीही उघडले तरी, दर चौरस मिलिमीटरला १० ग्रॅम राहिला पाहिजे.

आणखी एक सुचवतो. दहा जणांच्या घड्या स्वतः दोन वेगळ्या दिवशी मोजा, प्रत्येकाच्या दोन बेरजांमधल्या फरकाचा वर्ग करा, सर्व वर्गांच्या बेरजेला वीसने भागून वर्गमूळ काढा. ही तुमच्या हाताची त्रुटी. ती ठाऊक असल्याशिवाय 'रुग्णाची चरबी कमी झाली' असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे माझे मत आहे.

उत्तर ४: डायलिसिस_विभागातून

वरच्या चर्चेला एक पुरवणी. विद्युतप्रवाहाच्या यंत्रांमागचे ७३ टक्के पाण्याचे गृहीतक ज्यांच्या बाबतीत उघडपणे मोडते, असे रुग्ण आमच्याकडे रोज येतात. पायांवर सूज असलेल्या माणसाचे जादा पाणी यंत्र स्नायूंच्या खात्यात धरते, आणि खंगत चाललेला रुग्ण कागदावर धडधाकट दिसतो. म्हणून मोजण्याआधी दोन्ही पायांवर अंगठा दाबून पाहण्याची सवय ठेवावी. खड्डा राहिला तर तो आकडा बाजूला ठेवावा. अशा रुग्णांच्या बाबतीत मी दंडाचा घेर आणि हाताच्या पकडीची ताकद यांवर अधिक विसंबते. आशियाई निकषांनुसार पकड पुरुषांत २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी असेल तर ती क्षीण समजतात.

प्रश्नकर्तीची पुरवणी (बारा आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या भेटीनंतर दोनच दिवसांनी शिक्षकांना पुन्हा बोलावून कंबरेचा घेर मोजला होता, तो ९३ सेंमी भरला. आता वजन ६२.८ किलो, घेर ८९ आणि चार घड्यांची बेरीज ६३ मिमी आहे. माझ्या हाताची त्रुटी दहा जणांवर काढली, ती १.९ मिमी आली. अडचण अशी की त्यांच्या घरच्या काट्यावर चरबी २३.६ वरून २४.१ झाली आहे आणि ते खट्टू होऊन बसले आहेत. काय सांगावे?

उत्तर ५: चिमट्यात_बावीस_वर्षे

त्रुटी १.९ असेल तर दोन भेटींमधला फरक पाच मिलिमीटरच्या वर गेल्याखेरीज तो खरा धरू नका. म्हणजे ६६ चे ६३ होणे हे आज तरी 'काही सांगता येत नाही' या सदरात जाते. घेरातले चार सेंटिमीटर मात्र टेपच्या चुकीत बसण्यासारखे नाहीत, अर्थात दोन्ही वेळा तो श्वास सोडल्यावर आणि त्याच जागी मोजला असेल तर. काट्यावरच्या अर्ध्या टक्क्याबद्दल त्यांना विचारा, पहिल्या वेळी ते त्यावर सकाळी उठल्याबरोबर उभे राहिले होते की संध्याकाळी शाळेतून आल्यावर चहा घेऊन. आणि पुढच्या भेटीत उपाशीपोटीची साखर पुन्हा तपासून घ्या, कारण ते मुळात तुमच्याकडे आले ते त्या ११२ मुळेच.