मदत हवी आहे: आईचं बीपी भाकरीने उतरलं का? गोळी बंद करायचा हट्ट धरलाय

आई 66 वर्षांची. चार वर्षं रोज सकाळी अ‍ॅम्लोडिपिन 5 ची एक गोळी. दिवाळीनंतर मंगळवेढ्याहून मालदांडी ज्वारीचं पोतं आलं, तेव्हापासून दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी आणि न्याहारीला ओट्स. आधी घरच्या मशीनवर 148/88 यायचं, आता 138/84 च्या आसपास. म्हणते, "भाकरीनं काम केलं, आता गोळीला रामराम." डॉक्टरांची वेळ गुरुवारची आहे. तोवर तिला कसं थोपवू?

थोडं वाचलं. 2005 मध्ये 24 चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले होते. रोज सरासरी साडेअकरा ग्रॅम जादा चोथा (फायबर) पोटात गेल्यावर वरचं बीपी सरासरी 1.13 आणि खालचं 1.26 नेच उतरलं होतं. मग आमच्याकडचे दहा आले कुठून?

त्यात परवा बघतो तर आई पीठ मैद्याच्या चाळणीने चाळतेय! परातीत मूठभर कोंडा उरला, तो गेला तुळशीच्या कुंडीत. उतरलं तर तुळशीचं बीपी उतरायचं. ओट्सही मसाल्याच्या पाकिटातले. त्याने उलटाच परिणाम होत असेल का?

भाकरतुकडा:
पहिलं म्हणजे 138 हे गोळीसकटचं आहे, हे आईंना सांगा. गोळी काढली की काय होईल ते त्या आकड्यात दिसत नाही.

ज्वारीतला चोथा बहुतेक पाण्यात न विरघळणारा. पोट साफ व्हायला उत्तम. बीपीच्या संदर्भात जास्त बोललं जातं ते ओट्स आणि जवातल्या बीटा-ग्लुकान या विरघळणाऱ्या चोथ्याबद्दल. ओट्स शिजवल्यावर जो चिकटपणा येतो, तो त्याचाच. पण तिथेही उतार दोन-तीन पॉइंटांचा. मसाला पाकिटात मीठ भरपूर असतं, मागचा सोडियमचा आकडा वाचा. साधे ओट्स आणून ताकात शिजवा, वरून जिरं-कढीपत्ता. पीठ चाळायचंच तर जाड चाळणीने.

मला खरी शंका वेगळीच आहे. भाकरी आली तेव्हा ताटातून काय गेलं? आमच्याकडे पोळीच्या कणकेत मीठ पडतं, भाकरीच्या पिठात नाही. दिवसाला मीठ 5 ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सपाट चमचाभर, लोणच्या-पापडासकट. आणि मोजता कसं? जिना चढून आल्या आल्या नाही ना?

धागाकर्ता:
आईला विचारलं. सकाळच्या चहाबरोबर चार खारी असायच्या, त्या ओट्स आल्यापासून बंद. कणकेत मीठ घालायचीच. लोणचं मात्र चालू आहे, शिवाय भाकरीबरोबर ठेचा वाढलाय!

मोजण्याचं म्हणाल तर, आधीचे आकडे बाजारातून आल्या आल्या घेतलेले होते. आज पाच मिनिटं टेकून बसवलं, दोनदा घेतलं: 141 आणि 137. वहीत मांडलंय, गुरुवारी वही आणि ओट्सचं पाकीट दोन्ही नेतो. आजची गोळी घेतली, पण तोंड वाकडं करूनच.