मदत हवी आहे: एनके (नैसर्गिक मारक) पेशींचं डीग्रॅन्युलेशन (मारक कणांचं, म्हणजे ग्रॅन्युल्सचं सुटणं) दिसतं, पण के५६२ (लक्ष्य म्हणून वापरलेल्या ल्युकेमिया पेशी) मरत नाहीत

गोठवलेल्या पीबीएमसी (रक्तातल्या एककेंद्रकी पांढऱ्या पेशी) वितळवून के५६२ वर कॅल्सीन-एएम रिलीज लावतोय (के५६२ मध्ये चमकणारा डाय भरायचा, त्या मेल्या की बाहेर सुटलेला डाय मोजायचा). गुणोत्तर १०:१, यू-बॉटम ९६-वेल प्लेट, ३७ अंशांवर ४ तास. सीडी५६ पॉझिटिव्ह, सीडी३ निगेटिव्ह पेशींवर (म्हणजे एनकेंवर) गेट लावला की सीडी१०७ए (ग्रॅन्युल्स सुटल्याची खूण) छान वाढलेलं दिसतं. म्हणजे लक्ष्य ओळखलं जातंय, ग्रॅन्युल्स सुटतायत. तरी किलिंग जेमतेम ६ टक्के. स्पॉन्टेनियस रिलीज (एनके नसतानाही आपोआप सुटलेला डाय) मॅक्सिममच्या (सगळ्या के५६२ फोडल्यावर सुटणाऱ्या डायच्या) ४५ टक्के. नेमकं कुठे अडलंय?

प्रतिसाद १
१०:१ कशाचं, एका के५६२ मागे १० पीबीएमसी की १० एनके? पीबीएमसी मोजून लावलं असेल तर घोळ तिथेच आहे. पीबीएमसीत एनके साधारण ५ ते १५ टक्के. १० धरले तर खरं गुणोत्तर १:१ होतं. सीडी१०७ए फक्त एनकेंपैकी किती जणींनी ग्रॅन्युल्स सोडले ते सांगतं, वेलमध्ये त्या मुळात किती आहेत ते नाही. १०,००० के५६२ साठी १ लाख एनके हव्यात, म्हणजे १० लाख पीबीएमसी. एवढी गर्दी करण्यापेक्षा निगेटिव्ह सिलेक्शनने (बाकीच्या पेशी काढून टाकून) एनके वेगळ्या करा आणि १०:१ पासून १.२५:१ पर्यंत निम्म्यानिम्म्याने उतरा. सिलेक्शन बफरमधलं ईडीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन) मात्र नीट धुऊन काढा. कॅल्शियम नसेल तर ग्रॅन्युल्स सुटत नाहीत, परफोरिनला (ग्रॅन्युल्समधल्या प्रथिनाला) लक्ष्यपेशीच्या पडद्यात छिद्रंही पाडता येत नाहीत.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, पण ४५ टक्के स्पॉन्टेनियसवर कुठलाच आकडा धरू नका. सूत्रात भागायला मॅक्सिमम वजा स्पॉन्टेनियस असतं. ते इतकं आक्रसलं की पिपेटिंगची किरकोळ चूकही किलिंग वाटते. २० च्या खाली आणा. के५६२ आदल्या दिवशी स्प्लिट करा, व्हायेबिलिटी (जिवंत पेशींचं प्रमाण) ९५ टक्क्यांच्या वर हवी. कॅल्सीन १० ते १५ मायक्रोमोलर, ३० मिनिटं, दोन वॉश, आणि लगेच प्लेटमध्ये. हा डाय जिवंत पेशीतूनही गळतो, म्हणून ४ तासांपलीकडे नेऊ नका. नाहीच जमलं तर के५६२ ला सीएफएसई (लक्ष्यपेशी ओळखू देणारा डाय) लावून ७-एएडीने (मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या डायने) फ्लो सायटोमीटरवर मोजा.

वितळवलेल्या एनकेंना रात्रभर विश्रांती द्या. आयएल-२ (एनकेंना उत्तेजित करणारं प्रथिन) घातलंत तर तसं नोंदवा. त्या मग रेस्टिंग एनके राहत नाहीत.

धागाकर्ता
हो, गुणोत्तर पीबीएमसीवरच होतं. उपप्रश्न: मरण परफोरिनमुळेच आलं हे कसं दाखवायचं?

प्रतिसाद १
काही वेल्समध्ये ईजीटीए (मुख्यतः कॅल्शियमच धरणारं रसायन) आणि मॅग्नेशियम क्लोराइड घाला. किलिंग कोसळलं तर मार्ग ग्रॅन्युल्सचा. इथे ईडीटीए वापरू नका: ते मॅग्नेशियमही धरतं, मग एलएफए-१ ची (एनकेला लक्ष्याशी चिकटवणाऱ्या प्रथिनाची) पकडच बसत नाही आणि पेशी चिकटल्या नाहीत की परफोरिन चाललं नाही, हे ओळखता येत नाही.