जुनी अवजारं ओळखण्याचा खेळ: पंडितांचा की वापरणाऱ्यांचा?

टिळकवाडीकर: टेबलावर एक विचित्र वस्तू, समोर तिघे विद्वान, ओळखा बघू काय ते! असा कार्यक्रम लहानपणी दूरदर्शनवर पाहिल्यासारखं वाटतंय. मामा म्हणतात ती ‘सुरभि’. काही असो, मराठीत असा कार्यक्रम हवाच. बेळगाव भागात वस्तूंना काय तोटा? मोटेचं चाक, शहापूरच्या मागावरचा धोटा, धान्य मोजायची पायली, अधोली...

खानापूर रोड: ‘सुरभि’ नव्हे ओ. तिथं उत्तर प्रेक्षकांनी पोस्टकार्डावर धाडायचं. तुम्ही सांगताय तो साचा बीबीसीचा, ‘ॲनिमल, व्हेजिटेबल, मिनरल?’, १९५२ पासूनचा. संग्रहालयं वस्तू पाठवायची, तज्ज्ञ ओळखायचे. त्यातला मॉर्टिमर व्हीलर आधी आपल्याकडंच पुरातत्त्व खात्याचा महासंचालक होता. चित्रदुर्गाकडच्या ब्रह्मगिरीला १९४७ मध्ये त्यानंच उत्खनन केलं. असा माणूस अडलेला बघायला मजा येणारच की.

निपाणीची सून: मला हा खेळच पटत नाही. विडीचं पान ज्याच्या मापानं कापतात तो पत्रा ठेवा त्यांच्यासमोर. चौकोनी तुकडा, धार नाही, मूठ नाही. कुणी उलथनं म्हणंल, कुणी मोजपट्टी. आमच्या गल्लीतली कुठलीही बाई हात लावून सांगंल. तिला सोडून न ओळखणाऱ्यांचं कौतुक कशाला?

टिळकवाडीकर: तिनं सांगितलं की कार्यक्रमच संपला! खरी गंमत अंदाज बांधण्यात. पत्र्याला धार नाही, मग कडा का घासल्यात? कडेनं दुसरं काहीतरी फिरत असणार. म्हणजे कात्री! एवढं ज्याला सुचलं त्यानं निम्मी विडी वळलीच.

निपाणीची सून: निम्मीच. पान आधी भिजवून मऊ करावं लागतं, नाहीतर कापताना फाटतंय. हे कडा बघून कसं कळणार? आणि दिवसभर मान खाली घालून बसायचं, ते?

अनगोळचा पक्या: फोननं फोटो काढला की उत्तर येतंय. उगाच भांडालाय.

खानापूर रोड: पत्र्याचा फोटो काढून बघ आणि मग बोल.

टिळकवाडीकर: बरं, आधी पंडितांना दहा मिनिटं द्या, मग तुमच्या बाईंना बोलवू. चुकलेल्यांना त्यांनी खुशाल हसावं.

निपाणीची सून: हसायला फुकट येणार नाहीत त्या. त्या दिवसाची मजुरी बुडते. पंडितांना जेवढं मानधन, तेवढंच त्यांनाही द्या, मग बघू.