इलाज नव्हता म्हणे! कुणाला?

अवलिया_०७: कालच्या धाग्यावर एकाने लिहिलं, 'गुलामीशी तडजोड केली नसती तर अमेरिका जन्मलीच नसती, इलाज नव्हता.' डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा. १७८७ साली अमेरिकेची घटना लिहायला फिलाडेल्फियात बंद दाराआड बसलेल्या ५५ जणांत गुलाम एकही नव्हता, मालक मात्र निम्म्याच्या आसपास. गुलामांच्या आयातीवर १८०८ पर्यंत बंदी नाही, पळालेला परत मालकाच्या हवाली, संसदेतल्या राज्यांच्या जागा ठरवताना पाच गुलामांचे तीन मोजायचे. आणि एवढं करून घटनेत 'गुलाम' हा शब्दच नाही! लाज वाटत होती, म्हणजे कळत होतं.

खडकवासलाकर: तो 'एक' मीच. पाचाचे तीन यावर नेहमीचाच गैरसमज. पूर्ण मोजणी गुलाम जास्त असलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांना हवी होती, उत्तरेला शून्य. पूर्ण मोजले असते तर मालकांच्याच जागा वाढल्या असत्या. वाचून धागे काढत चला.

अवलिया_०७: वाचलंय, म्हणूनच चिडलोय. मत गुलामाला नाही, त्याच्या डोक्यावर जागा मालकाला. दक्षिणेच्या त्या जादा मतांशिवाय १८०० सालच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत जेफर्सन ॲडम्सला हरवू शकला नसता.

चाळकरी: आमच्या रीडेव्हलपमेंटमध्ये बिल्डर आणि कमिटीचं तीन वर्षं वाजलं. शेवटी तोडगा निघाला, नकाशातून वॉचमनची खोली गेली. पेढे वाटले. घरोघर पोचवले वॉचमननेच.

खडकवासलाकर: भावनेवर इतिहास चालत नाही. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केली. त्यांना खटकलं नाही, तुम्हाला खटकतं?

ओतूरकर: अर्पणपत्रिका वाचलीत की ऐकलीत? गुलामांना मुक्त करणाऱ्यांना आहे ती, सौदा करणाऱ्यांना नाही! आमच्या सरांनीही फुले म्हणजे 'मुलींची शाळा' एवढंच शिकवलं, पुस्तक मला तिशीत कळलं.

खडकवासलाकर: आता सरांवर आलात. तुम्ही तिशीपर्यंत वाचलं नाहीत, त्यात सरांचा काय दोष?

ओतूरकर: दोष नाही? परीक्षेत दोन मार्कांची टीप यायची, 'फुल्यांचे कार्य'! आणि तुम्ही त्याच फुल्यांना मालकांच्या बाजूने साक्षीला उभं करताय.

चाळकरी: विषय फिलाडेल्फियाचा होता ना?

अवलिया_०७: तिथलंच घ्या. सहा महिने राहिलेला गुलाम पेन्सिल्वेनियाच्या कायद्याने मुक्त व्हायचा, म्हणून राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन मुदत भरायच्या आत आपली माणसं राज्याबाहेर फिरवून आणायचा. १७९६ साली त्याच्या घरची गुलाम ओनी जज तिथून पळालीच. तिला इलाज सापडला की!

खडकवासलाकर: वॉशिंग्टनचं मान्य. तडजोडीचं नाही. आणि अर्पणपत्रिकेचा वेगळा धागा काढा, तिथे येतो.

ओतूरकर: काढतो. या वेळी वाचून या.