घरच्या वेल्डिंगसाठी हेल्मेट, १५०० च्या आत काय घ्यावं?

ऐरोलीकर:
नमस्कार मंडळी. तळमजल्याचं घर आहे, मागे थोडी मोकळी जागा, तिथे छोटी छोटी कामं सुरू केलीयेत. गेटची बिजागरी, कुंड्यांचा स्टँड, पुढे जिन्याखाली रॅक. इन्व्हर्टर मशीन आहे, ६०१३ चा अडीच एमएम रॉड, ७०-८० अँपिअरवर चालवतो. मशीनबरोबर हातात धरायची ढाल आली, पण एका हातात होल्डर, दुसऱ्यात ढाल, मग पाइप कोण धरणार? बजेट १५००, त्यातच हातमोजे बसले तर उत्तम. मला चष्मा आहे. ऑटो घेऊ (आर्क, म्हणजे वेल्डिंगची ठिणगी, पेटला की काच आपोआप काळी होते ते) की साधं?

वागळे_फिटर:
ऑटो घे, विषय संपला. मी थ्रीएमचं स्पीडग्लास वापरतो, दिवसभर डोक्यावर असलं तरी मान भरून येत नाही आणि काचेतून वितळलेलं लोखंड इतकं स्वच्छ दिसतं की कुठे स्लॅग (वर तरंगणारा मळ) आहे नि कुठे धातू ते लगेच कळतं.

ऐरोलीकर:
दादा, बजेट १५०० आहे.

वागळे_फिटर:
मग थांब, पैसे जमव आणि घे. डोळे परत मिळत नाहीत.

रबाळे_टर्नर:
एवढं महाग कशाला. मी ऑनलाइन स्वस्तातलं ऑटो घेतलं, शेड (काच किती काळी त्याचा नंबर) ९ ते १३, बाजूला फिरवायचं बटण, मस्त चाललंय. एकच त्रास झाला, खिडकीची ग्रिल करताना मधली सळई नेमकी सेन्सरच्या आड यायची आणि आर्क चालू असताना काच उघडायची, डोळ्यासमोर एकदम लख्ख. माझ्यात दोनच सेन्सर आहेत. चार सेन्सरचं घ्या.

कोपरीचे_काका:
आमचं अख्खं आयुष्य हातातल्या ढालीवर गेलं बाळा. आधी हात बसू दे, मग हेल्मेट. पाइप धरायला सी क्लँप मिळतो. आणि डोळ्यांना वेल्डिंगचा उजेड बाधलाच तर रात्री बटाट्याच्या चकत्या ठेव, सकाळी मोकळे होतात.

कळव्याची:
काका, राग मानू नका, पण बटाटा नको. माझा भाऊ वेल्डरच्या बाजूला उभा राहून नुसते टाके (पक्क्या जोडाआधीचे वेल्डिंगचे ठिपके) बघत होता. संध्याकाळी छान जेवला, मध्यरात्री उठून बसला, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं, पाण्याची धार, ट्यूबलाइट पण सहन होईना. हे सहा ते बारा तासांनी उमटतं म्हणून माणूस गाफील राहतो. कोणीतरी सुन्न करणारे थेंब आणून दिले, ते घातले की बरं वाटायचं म्हणून तो घालत राहिला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी जाम झापलं, त्या थेंबांनी बुब्बुळावरची जखम भरायला उलट उशीर होतो. ऐरोलीकर, तुम्ही हेल्मेट कुठलंही घ्या, पण पोरं आणि मदतीला उभा राहणारा माणूस यांचं आधी बघा. शेजाऱ्यांच्या बाजूने पत्रा उभा करा.

पनवेलकर:
शेजाऱ्यांवरून आठवलं, आमच्या सोसायटीत एकाने गच्चीवर वेल्डिंग काढलं तर समोरच्या विंगमधून थेट कमिटीकडे तक्रार गेली, आता ड्रिल मशीनला पण लेखी परवानगी लागते!! बाकी मशीन १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावा, बोर्डाच्या साध्या सॉकेटवर नको.

आयटीआय_मास्तर:
ऑटोबद्दल जरा नीट सांगतो. चांगल्या ऑटो काचेत अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा थर कायमचा असतो, काच काळी झाली नाही तरी तो काम करतोच. काळं होणं हे डोळे दिपू नयेत म्हणून. त्यामुळे खोक्यावर काळं व्हायचा वेळ १/२५००० सेकंद छापलाय हे बघून हुरळू नका, काचेवर ईएन ३७९ या युरोपियन मानकाचा शिक्का आणि १/१/१/२ असे चार आकडे आहेत का ते बघा. जितके लहान तितकी काच चांगली. दुकानात लायटर पेटवून काच काळी होते का पाहतात, त्यातून फक्त सेन्सर चालू आहे एवढंच कळतं, थर खरा की खोटा ते नाही. तुमच्या ७०-८० ला शेड १०, त्याच्या वर गेलात तर ११. उघडझाप झाकणाचं साधं हेल्मेटही मिळतं पण नवख्याला नको, झाकण पाडेपर्यंत रॉड जागेवरून हलतो. आणि स्टँड जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेल्या, पाइपचा असेल तर सांध्यावरचं जस्त आधी घासून काढा, तो धूर हेल्मेट अडवत नाही. रात्री थंडी वाजून ताप येतो.

रबाळे_टर्नर:
तेच म्हणतोय, चार सेन्सर.

वागळे_फिटर:
मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जाऊन ये, मस्जिद स्टेशनला उतरायचं, दहा दुकानं बघून घे. आणि बजेट वाढवच.

ऐरोलीकर:
सगळ्यांचे आभार. घेतलं एकदाचं, वागळे इस्टेटच्या दुकानातून. उघडझाप झाकणाचं साधंच घेतलं. १५०० च्या आतल्या ऑटोवर कसला शिक्काच नव्हता, शिक्का असलेलं बजेटबाहेर. मास्तरांनी थर खरा की खोटा म्हटल्यावर बिनशिक्क्याचं घ्यायला मन होईना. ह्यात बॅटरी नाही, सेन्सर नाही, सळई आड आली तरी काच काळीच राहणार. काळ्या काचेचं झाकण वर केलं की मागे पांढरी काच राहते, त्यामुळे स्लॅग ठोकताना उडणारे कण डोळ्यांत जात नाहीत, मला हे सगळ्यात आवडलं. आत चष्मा आरामात बसतो. १० आणि ११ अशा दोन्ही नंबरच्या काळ्या काचा, जादाच्या पांढऱ्या काचा, कोपरापर्यंतचे चामड्याचे हातमोजे, सगळं धरून बजेटमध्ये बसलं. मी टाके मारताना बायको पाइप धरते, तिला जुनी ढाल.

वागळे_फिटर:
वर्षभरात ऑटोच घेशील.

आयटीआय_मास्तर:
घेतलंय तर नीट वापरा. रॉडचं टोक सांध्यापासून अर्धा इंच वर धरा, तो हात मांडीवर नाहीतर टेबलावर टेकवा, मग दुसऱ्या हाताने झाकण पाडा आणि लगेच रॉड ओढून आर्क पेटवा. आधी मशीन बंद ठेवून सराव करा. पांढऱ्या काचेवर ठिणग्यांचे दाणे चिकटून धुरकट दिसायला लागलं की ती बदला, चालवत बसू नका. पाइपचं सांगितलं नाहीत?

ऐरोलीकर:
काळा पाइप आहे सर, जीआय नाही. सराव आज संध्याकाळीच करतो.