जुन्या आयमॅकला बाहेरून एसएसडी लावणं : खरा उपाय की नुसती मलमपट्टी?

खिळेजुळारी (सांगली)

माझं लग्नपत्रिका आणि फोटो अल्बम डिझाइन करायचं दुकान आहे. मशिन २०१७ चा साडेएकवीस इंची ४के आयमॅक (ॲपलचा, स्क्रीनच्याच मागे सगळं बसवलेला संगणक), ८ जीबी रॅम, आत १ टीबीची ५४०० आरपीएमची हार्डडिस्क. गेली दोन वर्षं सकाळी बटण दाबायचो, दारात पाणी मारायचो, अगरबत्ती लावायचो, तरी फोटोशॉप उघडलेलं नसायचं. बारा बाय छत्तीसचं अल्बमचं पान सेव्ह करताना तो रंगीत चेंडू फिरायला लागला की समोरचं गिऱ्हाईक घड्याळाकडे बघायचं.

एका दुरुस्तीवाल्याने सांगितलं, "स्क्रीन चिकटवलेली आहे. उघडतो, पण काच गेली तर तुमची." दुसरा म्हणाला, भंगारात द्या. शेवटी मी साडेचार हजारांची ५०० जीबीची बाहेरची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) आणली. तिच्यावर व्हेंच्युरा ही मॅकची सिस्टिम कोरी टाकली, मायग्रेशन असिस्टंटने जुनं सगळं ओढून घेतलं आणि स्टार्टअप डिस्क म्हणून तीच निवडली. रात्री दहाला लावलं ते सकाळी तयार होतं. आधी बटण दाबल्यापासून कामाला लागेपर्यंत साडेचार मिनिटं जायची, आता चाळीस-पंचेचाळीस सेकंद. मोबाइलवर वेळ लावून तीनदा मोजलंय.

माझं मत असं : स्क्रीन आणि प्रोसेसर ठणठणीत असताना केवळ डिस्क मंद आहे म्हणून मशिन मोडीत काढू नये. आणि चिकटवलेलं मशिन उघडायच्या फंदातही पडू नये. बाहेरून एसएसडी लावणं हाच योग्य मार्ग. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

तारजोड (ठाणे)

अजिबात पटत नाही. मी हाच धंदा करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची अख्खी सिस्टिम आता एका वीतभर केबलवर लटकलेली आहे. सुरू असलेल्या मशिनमधून पेनड्राइव्ह उपटला तर फार तर एखादी फाइल जाते. इथे केबल सैल झाली की चालत्या सिस्टिमच्या पायाखालची जमीन जाते. दुकानात लहान मुलं येतात, झाडू मारणाऱ्या मावशी येतात. माझ्याकडे अशी दोन मशिनं आलेली आहेत. एकात फायली वाचल्या, दुसऱ्यात लग्नाचे मूळ फोटो गेले. ते फोटो परत काढता येत नाहीत.

राहिला उघडण्याचा प्रश्न. २०१२ च्या शेवटी आलेल्या बारीक कडेच्या मॉडेलपासून स्क्रीन चिकटपट्टीवर बसते, खरं आहे. पण ती पट्टी फोमची असते. प्लास्टिकचं छोटं चाक कडेच्या फटीत घालून डावीकडून वर, वरून उजवीकडे असं हळूहळू फिरवत न्यायचं. खालच्या कडेलाही पट्टी असते, ती शेवटी सोडवायची. स्क्रीन सुटली तरी झटक्यात उचलायची नाही, आत दोन केबल असतात. घाई करणाऱ्याच्या हातून त्या तुटतात आणि मग नाव चिकटपट्टीचं होतं. माझा तासाभराचा वेळ आणि नवी पट्टी, एवढाच खर्च. एसएसडी आत गेली की पुढची पाच वर्षं तिकडे बघावं लागत नाही. वेगही जास्त : आतल्या डिस्कची जोडणी, म्हणजे साटा, ६ गिगाबिटची, तुमचं यूएसबी ५ गिगाबिटचं.

खिळेजुळारी

तारजोड सर, केबलचा मुद्दा मान्य, त्यावर खाली लिहितो. वेगाचा मात्र मान्य नाही. २०१७ च्या मॉडेलला मागे दोन टाइप-सी आकाराचे थंडरबोल्ट ३ पोर्ट आहेत, त्यांवर यूएसबी १० गिगाबिटने चालतं. एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान जातीची एसएसडी) घालून चांगला एन्क्लोजर (डिस्कची बाहेरची डबी) लावला तर बाहेरची डिस्क आतल्या साटापेक्षा पुढे जाते.

आणि खरं सांगायचं तर हा गिगाबिटचा वाद आपल्या कामाला गौणच आहे. मिनिटाला ५४०० फेऱ्यांची तबकडी एक फेरी मारायला ११ मिलिसेकंद घेते. वाचणारं हेड जागेवर न्यायचं, वर सरासरी अर्धी फेरी थांबायचं. म्हणजे सुट्या सुट्या जागांवरचं वाचायचं असेल तर सेकंदाला साठ-सत्तर वेळाच जमतं. मशिन सुरू होताना हजारो बारक्या फायली लागतात. एसएसडीला काही फिरवायचंच नाही, त्यामुळे ती केबलने जोडली काय आणि आत बसवली काय, डोळ्यांना फरक तिथे दिसतो. शिवाय माझी रॅम ८ च जीबी आहे. ती भरली की सिस्टिम डिस्कवर लिहायला लागते, आणि पूर्वी ते सगळं त्या तबकडीवर जायचं. पान सेव्ह करताना मशिन अडायचं त्याला हेही कारण होतं.

त्यात २०१८ च्या मोहावे या मॅक सिस्टिमपासून हार्डडिस्कवालेही एपीएफएस या फायली मांडायच्या नव्या पद्धतीवर गेले. ती फाइल सिस्टिम एसएसडी डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली आहे, तबकडीवर तिचे तुकडे विखुरतात. आपलं मशिन एकाएकी म्हातारं झालं असं पुष्कळांना वाटतं, त्यात याचाही हात आहे.

केबलचं असं केलंय : एसएसडी स्टँडच्या मागच्या बाजूला दुहेरी चिकटपट्टीने बसवली, केबल स्टँडच्या भोकातून घेतली आणि पोर्टजवळ तिला थोडी ढिलाई ठेवून बांधली. मशिन भिंतीला पाठ लावून आहे. मावशींचा झाडू तिथे पोचत नाही.

हिशेबी (नाशिक)

तुम्ही दोघं आत की बाहेर यावर भांडताय, मला दोन्ही पैसे चुकीच्या जागी जाताना दिसतात. २०१७ चा आयमॅक व्हेंच्युराच्या पुढे अधिकृतपणे जात नाही. पुढची सोनोमा घ्यायला २०१९ चं मॉडेल लागतं. गिऱ्हाइकांचे फोटो, पत्ते, फोन नंबर ज्या मशिनवर आहेत आणि जे दिवसभर इंटरनेटला जोडलेलं आहे, ते असं जुन्या सिस्टिमवर किती दिवस चालवणार? एम४ चा मॅक मिनी १६ जीबी रॅमसकट ५९,९०० ला आला होता. आज साडेचार हजार, उद्या एन्क्लोजर, परवा बॅटरी बॅकअप असं करत तुम्ही त्याच आकड्याकडे चाललाय.

खिळेजुळारी

हिशेबीजी, सुरक्षेचं तुमचं बरोबर आहे. बँकेचं काम मी या मशिनवर करत नाही, गिऱ्हाइकांचे फोटोही काम झालं की वेगळ्या डिस्कवर जातात.

पण मिनी घेतला की स्क्रीन आली. माझ्या आयमॅकची स्क्रीन पी३ रंगांची, म्हणजे साध्या स्क्रीनपेक्षा जास्त रंगछटा दाखवणारी आहे. शालूचा लाल आणि हळदीचा पिवळा छापून कसा येईल हे मला तिच्यावर कळतं. तसा मॉनिटर स्वस्तात मिळत नाही. आणि हाच आयमॅक केबल लावून मिनीचा मॉनिटर म्हणून वापरता येत नाही, ती सोय २०१४ च्या मॉडेलांनंतर बंद झाली. तेव्हा हिशेब साठ हजारांवर थांबत नाही. कर्ज काढून यंत्र घ्यायचं आणि लग्नाच्या दोन हंगामांत फेडायचं, हे मी वडिलांच्या छापखान्यात बघितलंय. मला ते नको.

तारजोड

केबल बांधलीत हे बरं केलंत, बहुतेक जण तेवढंही करत नाहीत. तरी माझं मत तेच आहे. झाडू पोचला नाही तरी वीज पोचते. दिवसातून चारदा लाइट जाते तिथे यूपीएस नसेल तर एसएसडी आत असो वा बाहेर, लिहिता लिहिता बंद पडणं वाईटच. दुसरं, हार्डडिस्क मरायच्या आधी कुरकुर करते, टकटक आवाज देते. एसएसडी बहुधा काही न बोलता जाते. टाइम मशीन (मॅकमधली बॅकअपची सोय) लावलंय का? आणि ते आतल्या त्याच जुन्या तबकडीवर असेल, तर त्याला बॅकअप म्हणू नका.

खिळेजुळारी

आतल्या तबकडीवरच होतं. तुमचं वाचून काल दुकानातून वेगळी डिस्क आणली. यूपीएस आधीपासून आहे.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

मध्येच विचारते. माझ्याकडे आयमॅक नाही, शाळेच्या कामाचा विंडोज १० चा डेस्कटॉप आहे, बहुतेक २०१४ चा. चालतो पण फार रडत चालतो. मीही अशीच बाहेरची एसएसडी घेऊ का?

खिळेजुळारी

ताई, तुम्ही घेऊ नका. माझं सगळं म्हणणं चिकटवलेल्या मशिनपुरतं आहे. विंडोज बाहेरच्या यूएसबी डिस्कवर सरळ बसत नाही. त्यासाठी पूर्वी विंडोज टू गो नावाची सोय होती, ती २०२० मध्ये काढून टाकली. तुमच्या कॅबिनेटचं झाकण दोन स्क्रूंवर असेल, तिथे आतच अडीच इंची साटा एसएसडी बसवा. इथे मी आणि तारजोड सर एका बाजूला आहोत.

हिशेबी

ताई, एक लक्षात घ्या. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमचं मशिन विंडोज ११ च्या नियमांत बसणार नाही. टायपिंग आणि इंटरनेट एवढंच काम असेल तर त्याच एसएसडीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टिम टाकून बघा. मराठी युनिकोडमध्ये टाइप करता येतं.

वाशिष्ठीकाठ

झाकण काढून फोटो घेतला. एसएसडी ठेवायला जागा आहे, पण मदरबोर्डवरून आलेली मोकळी केबल दिसत नाही आणि पॉवरचं टोकही नाही. दोन्ही हार्डडिस्क आणि डीव्हीडीत गुंतलीत.

तारजोड

डीव्हीडी शेवटची कधी वापरलीत? तिच्या मागची दोन्ही टोकं काढा, रुंद ते पॉवरचं आणि अरुंद ते डेटाचं. तीच एसएसडीला बसतात. आधी भिंतीवरचं बटण बंद करून वायर काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावा आणि मगच आत हात घाला. टोक उलटं बसत नाही, त्यामुळे जोर लावू नका. मात्र डेटाची केबल मदरबोर्डवर कोणत्या पोर्टात जाते ते बघा. काही जुन्या बोर्डांवर डीव्हीडी मंद साटा पोर्टाला जोडलेली असते. पोर्टाशेजारी ६जी (६ गिगाबिट) लिहिलेलं असेल तिथे एसएसडी आणा आणि डीव्हीडी तशीच सुटी राहू द्या. त्या पोर्टांचा फोटो टाकलात तर कोणता ते सांगतो.