बाबांना थंडीत पक्षी दाखवायचेत, हडपसरजवळ कुठे नेऊ?

मोगरा७२: नमस्कार मंडळी. बाबा गाव सोडून आमच्याकडे हडपसरला राहायला आलेत. गावी विहिरीवरचा खंड्या आणि रानातल्या टिटव्या यांच्यात त्यांचा वेळ जायचा, इथे चौथ्या मजल्यावर करमत नाही. परवा गॅलरीच्या कठड्यावर एक पक्षी आला. वरून काळा, पोटाला विटकरी, शेपटी सारखी थरथरत होती. बाबा अर्धा तास जागचे हलले नाहीत! या थंडीत त्यांना पाण्यावर न्यायचंच आहे. गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. जागा, वेळ, दुर्बीण, सगळंच सांगा.

पाणकावळा: तो थिरथिरा, नर. उत्तरेकडचा पाहुणा आहे, थंडीभर तुमच्याच आवारात दिसत राहील. त्याला दाणे घालू नका, तो किडे खातो.

पाण्यासाठी कवडीपाट. सोलापूर रस्त्याला, तुम्हाला अगदी जवळ. नदीला वास आहे आणि बंधाऱ्यात प्लास्टिक अडकलेलं पाहून जीव तुटतो, हे आधीच सांगून ठेवतो. पण चक्रवाक, शेकाटे, तुतवार, धोबी असे पक्षी तिथे काठावरून दिसतात. बाबांसाठी घडीची खुर्ची न्या, उजाडता उजाडता पोचा आणि ऊन पाठीवर येईल असं बसा. समोरून ऊन आलं की सगळी बदकं काळीच दिसतात. दर रविवारी त्याच जागी बसा. नोव्हेंबरात कोण आलं, जानेवारीत कोण वाढलं, हे त्यांना आपोआप कळत जाईल.

भोरडी: उजनी धरणाच्या पाण्याकाठचं भिगवणही सुचवते, पण घाई करू नका. धरण काठोकाठ भरलेलं असताना रोहित पक्ष्यांना (फ्लेमिंगोंना) उभं राहायला उथळ पाणीच नसतं. पाणी उतरलं, चिखल उघडा पडला की मजा. आम्ही जानेवारीच्या शेवटी जातो. कुंभारगावातून होडी मिळते. होडीत चढताना मात्र बाबांना धरायला कोणीतरी हवं. पट्टकदंब हंस बघाच. हिमालय ओलांडून आलेला पक्षी शांतपणे गवत खुडताना दिसतो, मला दरवर्षी भरून येतं. नावाड्याला थवा उडवायला कधीही सांगू नका, फोटोसाठीसुद्धा.

मोगरा७२: आणि दुर्बीण? दुकानदार म्हणतो जास्त पट मोठं दाखवणारी घ्या.

पाणकावळा: नको. ८×४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची. वयस्कर हात थोडा जरी कापला तरी जास्त पटीच्या दुर्बिणीत चित्र नाचतं. चष्मा असेल तर डोळ्याकडच्या रबरी कडा खाली करून बघायला सांगा. आणि विकत घेण्याआधी बाबांच्या हातात देऊन बघा.

मोगरा७२: आज कवडीपाटला जाऊन आलो! धुकं होतं, पहिला पाऊण तास नुसते आवाज. मग चक्रवाकाची जोडी, भगव्या रंगाची, खडकावर. बाबा वहीत तारीख घालून लिहीत होते. चिखलात एक चिमुकला पक्षी पळायचा, थबकायचा, परत पळायचा. गळ्यात काळा पट्टा, डोळ्याभोवती पिवळं बारीक कडं. नाव सांगा, बाबांनी वहीत जागा रिकामी ठेवली आहे.

भोरडी: कंठेरी चिखल्या. लिहायला सांगा त्यांना.